महाराजांची अर्धी मिशी

"पुन्हा हाच!" रणधीरराजे ओरडले. "याला अक्षय्य तृतीयेला सोडला होता ना?"

समोर हैबती गवंडी मान खाली घालून उभा होता. पहिल्यांदा सापडला तेव्हा त्याने एक भोपळा चोरला होता. आता ही सातवी खेप, आणि पुन्हा भोपळाच!

भालेगडच्या बंदिखान्याची ही जुनीच रड होती. सणासुदीला कैदी सोडायचे आणि महिन्याभरात ते हजर! बंदिपाल गोंदाजी तर सुटलेल्या कैद्याचा तांब्या घासूनपुसून फळीवर पालथा घालून ठेवायचा. "येईलच हो," म्हणायचा, "जातोय कुठं!"

राजांनी दरबाराला उपाय विचारला. प्रधान म्हणाले, भिंती उंच करा. सेनापती म्हणाले, कुलपं मोठी करा. राजज्योतिषी म्हणाले, दार पूर्वेला घ्या.

राजांना दरबारातच दाढी करून घ्यायची सवय होती. दाढी करणारा सटवाजी न्हावी खुदकन हसला.

"हसतोस?" राजे कडाडले.

"हसू नको तर काय करू, महाराज? चोर पळून जात असते, तर भिंती उंच करून भागलं असतं. हे तर परत येतायत!"

"असं? मग तूच अडव त्यांना! पोळ्याला बारा कैदी सुटणार आहेत. दसऱ्यापर्यंत एक जरी परत आला, तर त्याच्या शेजारी तू जन्मभर बसशील!"

"आणि त्या कामासाठी मला काय द्याल?"

"मागशील ती एक वस्तू देतो. हा माझा शब्द! पण कायद्याला हात लावायचा नाही. माझ्या आज्याने केलेला कायदा आहे तो!"

आजोबांचा कायदा असा होता: सुटणाऱ्या कैद्याची अर्धी मिशी भादरायची, म्हणजे लोकांना चोर लांबूनच ओळखू येतो. पुढे वर्षभर दर सोमवारी चावडीवर येऊन ती पुन्हा भादरून घ्यायची, आणि उरलेल्या अर्धीला हात लावायचा नाही. त्यामुळे पोळ्याच्या दिवशी भालेगडात एकीकडे बैलांची शिंगं रंगवायचे आणि दुसरीकडे माणसांच्या मिशा भादरायचे. पुरणपोळी बैलांना मिळायची.

पोळा आला. हैबती सटवाजीपुढे बसला आणि त्याचे डोळेच भरून आले.

"सटवादा, अर्ध्या मिशीला कोण रं काम देतंय? करणी, ओळंबा, समदी गवंडीकामाची हत्यारं घिऊन दारोदार फिरतो. लोक कडी लावून घेत्यात. तिसऱ्या दिवशी पोट ऐकत न्हाई. त्यापरीस मला आत्ताच आत जाऊ दे. कुणाचा भोपळा तरी वाचंल!"

सटवाजीला फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला, कारण सातही वेळा वस्तरा त्याच्याच हातात होता. पण कायदा तो कायदा. त्याने बाराही जणांच्या मिशा अर्ध्या केल्या, वस्तरा पुसला आणि तसाच दरबारात गेला.

"महाराज, ती एक वस्तू मागायला आलोय."

"माग!"

"तुमची अर्धी मिशी."

राजांची मिशी म्हणजे काय साधीसुधी होती? तिला तूप लावायला वेगळा नोकर होता!

"सटवाजी! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझं डोकं ठिकाणावर आहे, महाराज. शब्द तुमचा आहे. अर्धी मिशी हवी, आणि दसऱ्यापर्यंत ती वाढू द्यायची नाही."

राजे तापट होते, पण शब्दाचे पक्के. त्यांनी डोळे मिटले. खस्स!

दुसऱ्या दिवशी प्रधान अर्ध्या मिशीने आले. राजाची अर्धी आणि प्रधानाची अख्खी, हे बरं दिसतं का? मागोमाग सेनापती आले. राजज्योतिष्यांना मिशीच नव्हती. त्यांनी काजळाने अर्धी काढून घेतली. मग सावकार, सोनार, शिंपी, तेली! यथा राजा तथा प्रजा! चौथ्या दिवशी गावातल्या प्रत्येक न्हाव्याच्या दारात रांग होती, आणि अख्ख्या मिशीचा माणूस दिसला की लोक विचारायचे, "परगावचे का हो?"

दसरा उजाडला. भरल्या दरबारात राजांनी विचारलं, "गोंदाजी, किती परत आले?"

गोंदाजीने आपली अर्धी मिशी खाजवली. "एकही नाही, महाराज. बाराही तांबे पालथेच आहेत."

"गावातच नसतील ते!" प्रधान म्हणाले. "दुसऱ्या राज्यात चोऱ्या करत असतील!"

सटवाजी पुढे झाला. "गोंदाजी, तुमच्या माजघराची भिंत कोण बांधतंय हो सध्या?"

"आहे एक गवंडी. काय हात आहे त्याचा! आणि सचोटी तर विचारू नका. घर त्याच्यावर टाकून मी इथं येतो. माळ्यावर दहा भोपळे आहेत, दहाच्या दहा जागच्या जागी! असा माणूस उभ्या जन्मात पाहिला नाही मी."

"सात वेळा पाहिलाय तुम्ही. हैबती आहे तो!"

गोंदाजीने आ वासला. "पण... मी ओळखला कसा नाही?"

"तोंड पाहिलं होतं कधी त्याचं? तुम्ही पाहत होता मिशी!"

राजे पुढे सरकले. "आणि बाकीचे अकरा कुठे आहेत?"

"असतील इथंच, आपापल्या कामावर. त्यांना काम मिळालं, महाराज, म्हणून तुमच्या दारी आले नाहीत. हवे तर ओळखून काढा! चोराची मिशी अर्धी असते, हा तर तुमच्या आजोबांचा कायदाच आहे."

त्याबरोबर प्रधानांचा हात मिशीवर गेला. सेनापतींचा गेला. भांडारप्रमुखांनी तर दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चोराच्या मनात चांदणं! राजांनी सगळ्या दरबारावर नजर फिरवली, आणि पाहतात तो काय, त्यांचाही हात ओठावर!

राजे असे हसले, असे हसले, की मुकुट मांडीवर आला.

"कायदा रद्द!" ते डोळे पुसत म्हणाले. "सटवाजी, बक्षीस माग!"

"ते बारा तांबे द्या, महाराज. हैबतीच्या घरी पाणी प्यायला तांब्या नाही."

तांबे लगेच आले. राजांनी वर चांदीच्या मुठीचा वस्तराही दिला, पण तो देताना हात जरा लांबच ठेवला.

"घे! पण आता ही उरलेली अर्धी तरी माझ्याकडे राहू दे!"