राणीच्या आमरीची कुंडी

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागे, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनीही ज्याच्याबद्दल नुसतं ऐकलंच असेल अशा काळी, एका डोंगरी मुलखावर एक राणी राज्य करीत होती. तिच्या बागेत साळूबाई नावाची म्हातारी माळीण होती. साळूबाईची नजर अधू झाली होती, जिभेची धार मात्र तशीच होती. बाग आपली आणि राणी तिथे फिरायला येते, असाच तिचा एकंदर समज होता.

त्या राज्यात एक जुना रिवाज होता. चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी महालावर नगारा वाजे आणि बागेतल्या झाडून साऱ्या झाडांच्या कुंड्या एकदम बदलल्या जात. हा रिवाज कुणी घातला आणि का घातला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे तो मोडायचं धाडसही कुणी करत नसे.

राणीच्या आईनं देवाघरी जाण्यापूर्वी लेकीला एक आमरी धाडली होती. आमरी म्हणजे रानात झाडाच्या फांदीला मुळांनी बिलगून राहणारं फुलझाड. माहेरच्या दारातल्या आंब्यावर ती दरवर्षी फुलायची. आईची तेवढीच एक आठवण राणीजवळ उरली होती. पण इथं आल्यापासून तीन वर्षं नगाऱ्याबरोबर ती उपटली जात होती, आणि तीन वर्षांत तिला एकही फूल आलं नव्हतं. शेवटी बागेचे कारभारी कंटाळले. "हे वाळकं लाकूड तुम्हीच सांभाळा," असं म्हणून त्यांनी ती साळूबाईच्या ओट्यावर आणून ठेवली.

पुढचा चैत्र आला. नगारा वाजला. कारभारी नवी कुंडी घेऊन ओट्याशी आले.

"हिला हात लावायचा न्हाई," साळूबाई म्हणाली.

"का बरं? कुंडीत मातीऐवजी घातलेल्या झाडाच्या सालीचा कुजून चिखल झालाय. मुळं बाहेर लोंबतायत. शिवाय दोन नवे कोंब आलेत, एक बुडाशी, एक वर पेरावर. का तुम्हाला ते दिसतच नाहीत?"

भोवतीचे माळी खुसखुसले. ते साळूबाईला फार लागलं, पण ती कुंडीपुढून हलली नाही. गोष्ट राणीपर्यंत गेली आणि राणी स्वतः बागेत आली.

"कुंडी बदलायला झालीया, हे कारभाऱ्यांचं खरं," साळूबाई म्हणाली. "पर आज न्हाई." तिनं आमरीच्या बुडाशी बोट नेलं. "ह्यो कोंब हाय. टोकदार लागतो, पानावर पान मिटलेलं. पर त्याला अजून सोताचं मूळ न्हाई. आत्ता उपटलं तर जुनी मुळं तुटतील, अन् नवी आलेली नसतील. मग हिनं पाणी प्यायचं कशानं?" मग तिचं बोट वरच्या पेरावर गेलं. "आन् ह्यो कोंबच न्हाई. ह्यो फुलाचा तुरा हाय."

"तुरा! तीन वर्षांत नाही आला तो?" कारभारी हसले.

राणीच्या चेहऱ्यावर काळजी होती. "साळूबाई, ही गेली तर दुसरी मिळायची नाही."

"ठाऊक हाय मला. महिन्याभरात फुलली न्हाई तर माझं खुरपं तुमच्या पायाशी ठेवीन आन् बागेच्या बाहेर पडेन."

पन्नास वर्षं ज्या बागेत गेली, ती तिनं एका बोटाच्या भरवशावर पणाला लावली. राणीनं महिना दिला.

येता-जाता माळी विचारायचे, "काय साळूबाई, तुरा कुठवर आला?" ती म्हणायची, "तुमच्या अकलेच्या पुढं गेलाय!" पण एकटी असली की तिला शंका यायची. बोटानंही दगा दिला तर? मग ती पुन्हा पेर चाचपून पाही, आणि तिथले बारीक गोल दाणे लागले की तिला धीर येई.

सव्विसाव्या दिवशी सकाळी बागभर सुगंध पसरला. राणी अनवाणीच धावत आली. पांढऱ्या-जांभळ्या फुलांनी तुरा वाकला होता. राणीनं डोळे मिटून वास घेतला आणि सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडली. "आईच्या अंगणाचा वास आहे हा!" साळूबाईची मान ताठ झाली. तिला धन्य वाटलं.

"आता आजच्या आज हिला सोन्याच्या कुंडीत लावा," राणी म्हणाली.

"न्हाई, राणीसाहेब."

कारभारी दचकून एक पाऊल मागे सरले. राणीला नाही म्हणणारं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

"फुलं आपली आपण उतरू द्या. अन् सोनं नको. भोकाची मातीची कुंडी बरी, पाणी साचत न्हाई."

राणीनं मान डोलावली. फुलं उतरली. त्यानंतर काही दिवसांनी कोंबाच्या बुडाशी साळूबाईच्या बोटाला तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. ते टोकदार नव्हतं. बोथट होतं, गुळगुळीत होतं. "मूळ!" ती ओरडली. "आता लावा. आठवडा दवडला तर लांब होईल अन् हाताळताना मोडेल."

तिनं स्वतः कुजकी साल झाडली, मेलेली मुळं छाटली आणि कोळसा नि ताजी साल घालून आमरी बसवली. महिन्यात नवी मुळं खोल उतरली. पुढच्या वर्षी तिला तीन तुरे आले. राणीनं दवंडी पिटवली की यापुढे या बागेत झाडांसाठी ठरलेली तारीख नाही, ज्याचा त्याचा दिवस साळूबाई सांगतील.

दवंडी संपली तसे कारभारी ओट्याशी आले आणि मातीतच मांडी घालून बसले. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बोट पुढे केलं. "साळूबाई, कुठं ठेवायचं ते दाखवा."

म्हातारीनं वर्षभर त्यांच्यासाठी एक झणझणीत बोल राखून ठेवला होता. तो तिनं गिळला आणि त्यांचं बोट धरून हलकेच कोंबाच्या बुडाशी टेकवलं.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: कुणालाही नव्या जागी न्यायचं असेल तर आपली तारीख पाहू नये, त्याला नवी मुळं फुटलीत का ते पाहावं.