लाल वाईनमध्ये बर्फ

“...आणि लाल वाईनमध्ये बर्फ मागणाऱ्या माणसाला मी काय ओवाळू?”

मयूर गांगुर्डे लतीफचाचांना विचारत होता. उत्तर मिळाल्याशिवाय दर्ग्याच्या पायरीवरून हलायचं नाही, असं ठरवूनच ठाण मांडून बसला होता.

नाशिकबाहेर, धरणाच्या काठी, द्राक्षांच्या मळ्यात एक वाईन बार आहे, तिथला हा मुख्य वेटर. जागा अशी, की बसल्या बसल्या माणूस बायकोशी गोड बोलायला लागतो. खुर्च्या तर एवढ्या मऊ की उठताना दोघांनी ओढावं. आणि मयूरचं नाक असं, की ग्लास हुंगून द्राक्षाची जात सांगे. तुमच्या-आमच्या नाकाला शेजारची डाळ करपली तेवढंच कळतं.

लतीफचाचा दर्ग्याच्या चिंचेखाली पाणपोई चालवायचे. रांजणाला कुणी हात लावायचा नाही, चाचांनीच ओतून द्यायचं, ही तिथली रीत. ट्रस्टींनी गार पाण्याचं मशीन आणलं, तेव्हा म्हातारा एकेकाच्या घरी गेला, चहा प्यायला, आणि “माझ्या रांजणाशेजारी ते नको” असं सांगून आला. मशीन अजून एका ट्रस्टीच्या ओसरीवर आहे. त्यावर पापड वाळतात.

“मागणारा कोण होता?” चाचांनी विचारलं.

“दिंडोरीचे एक बागायतदार. बायकोची साठी म्हणून तिला घेऊन आले होते. आमच्या बारच्या शेठनी आज दुपारी त्यांना पुन्हा बोलावलंय, हातापाया पडून. मला म्हणाले, आज ते तसेच उठून गेले, तर तूही ॲप्रन काढून जा.”

“त्या दिवशी उठून गेले?”

“पाऊण तासाने.”

“पाऊण तास तू काय करत होतास?”

“ग्लास पुसत होतो.”

“किती?”

“...सगळे.”

“पुसलेलेच?”

मयूर वर चिंचेकडे बघू लागला.

“आणि त्या बाई?”

“नवी साडी होती... पदर सारखा सारखा नीट करत होत्या. एकदा हात वर केला त्यांनी.”

“मग?”

“मी पाठ फिरवली. चाचा, दोन दोन वर्षं पिंपात निजलेली वाईन, तिच्यात बर्फ? नोकरी गेली तर जाऊ दे. मी नाही घालणार.”

“बरं,” चाचा म्हणाले.

मयूर भांडायच्या तयारीने आला होता. “बरं”शी कसं भांडायचं ते त्याला कळेना. शिवाय घसा सुकला होता.

“पाणी द्या जरा.”

चाचांनी पितळी पेला उचलला. पाठ फिरवली. सदऱ्याच्या टोकाने पेला पुसू लागले. आतून. बाहेरून. उन्हात धरून बघितला. पुन्हा आतून.

“चाचा...”

चाचा पेल्याचं बूड पुसू लागले.

मयूर खाकरला. रांजण हाताच्या अंतरावर होता, पण रीत ती रीत.

“चाचा, ऐकू येतंय ना?”

चाचांनी पेला पुन्हा उन्हात धरला.

शेवटी मयूर ताडकन उठला. “द्यायचं नसेल तर तसं तोंडाने सांगा की. दारात काय कुत्रं बसलंय?”

चाचा वळले. पेला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. बोळक्या तोंडाने हसत होते.

मयूर एका दमात प्यायला. तोंड पुसलं. मान मात्र खाली घातली नाही.

“म्हणजे तुम्हीही शेठच्याच बाजूचे. बर्फ घाल, असंच ना?”

“छे. अजिबात घालू नकोस,” चाचा म्हणाले. “पण बेटा, नाही म्हणायला तरी त्या बाईंच्या टेबलापर्यंत चालत जा.”