हैबतीची पारख

बोरखेडीत हैबती नावाचा एक भोळा शेतकरी राहायचा. इतका भोळा, की कुणी 'जरा थांब' म्हटलं तर 'आता नीघ' म्हणेपर्यंत जागचा हलायचा नाही.

लेक द्वारका लग्नाची झाली होती. घरात गाणी वाजावीत म्हणून बायकोनं, सगुणानं, त्याला तालुक्याला स्पीकर आणायला धाडलं.

दुकानदार म्हणाला, "काका, हा न्या. गाणारी बाई समोर येऊन बसेल!"

हैबतीनं घरी येऊन स्पीकरसमोर पाट मांडला. चहा ठेवला. गाणं संपलं, चहा निवला, बाई काही येईना.

"लाजत असेल," हैबती म्हणाला. "तू हळदकुंकू घेऊन पुढं हो."

सगुणानं कपाळावर हात मारला. "अहो, नुसती खरखर येतेय यातून! विकणारा काहीही बोलतो. आधी आपल्या कानानं ऐकावं, मग घ्यावं."

"बरं. ध्यानात ठेवीन."

मग तो बैलबाजारात गेला. विकणारा म्हणाला, "गाईवाणी गरीब आहे."

"तू बोलू नको," म्हणत हैबतीनं बैलाच्या पोटाला कान लावला. "आत गुडगुडतंय. आवाज साफ ना..."

बैलानं लाथ घातली.

तो लंगडत घरी आला. सगुणा म्हणाली, "बैल ऐकतात का कुठं? पळवून बघायचा. दम किती ते कळतं."

"बरं. ध्यानात ठेवीन."

मग तो स्पीकर बदलायला गेला. दुकानदारानं दुसरा काढला. "यात लई दम आहे, काका!"

हैबतीनं स्पीकरला दोरी बांधली आणि एसटी स्टँडापर्यंत पळवला. परत आला तेव्हा दोरीला त्याची नुसती मूठ उरली होती.

"दमला," हैबती म्हणाला.

सगुणा रडकुंडीला आली. "आता काहीही घ्या, बिघडलं तर बदलून देणार का, ते लिहून घ्या. आणि खोकं जपा. खोक्याशिवाय परत घेत नाहीत."

"बरं. ध्यानात ठेवीन."

आठ दिवसांनी द्वारकाला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील रंगनाथराव म्हणाले, "आमचा भानुदास म्हणजे लाखात एक!"

हैबतीनं कागद पुढं केला. "बिघडला तर बदलून देणार?"

द्वारकाच्या हातातल्या पोह्यांच्या बश्या खडखडल्या. दाराआड सगुणानं डोळे मिटले. पण रंगनाथराव हसऱ्या स्वभावाचे. पोट धरून हसले आणि सही ठोकली. लग्न थाटात झालं.

पहिल्या दिवाळसणाला जावई आले. डझनभर चकल्या खाल्ल्या, वर माठातलं गार पाणी प्याले. सकाळी बोलायला गेले, तर घशातून शब्द फुटेना.

सगुणा नदीवरून धुणं घेऊन परतली, तर घरात जावईही नाहीत आणि हैबतीही नाही.

तोवर हैबती व्याह्यांच्या दारात उभा होता. एका हातात कागद, दुसऱ्या हातात जावयाचं मनगट.

"आवाज गेलाय. बदलून द्या."

रंगनाथराव लेकाकडं बघतच राहिले. "अहो, पण याला मुंडावळ्या कशाला बांधल्यात?"

"खोक्याशिवाय परत घेत नाहीत म्हणे," हैबती म्हणाला. "जसा मिळाला, तसाच बांधून आणलाय."