तुरुंगासाठी दहावा वाटा

फार जुनी गोष्ट. एका रानात प्राण्यांची पंचायत होती आणि गवा तिचा सरपंच होता. एके सकाळी तो सभेत म्हणाला, "आपला गुहेतला तुरुंग भरलाय. नवा बांधायला प्रत्येक घराने धान्याचा दहावा वाटा कर म्हणून द्यावा."

पंचांनी लगेच माना डोलावल्या. साळिंदरबाई मात्र म्हणाली, "द्यायला माझी ना नाही. पण एवढे चोर आहेत तरी कोण?"

कुणालाच सांगता येईना. शेवटी सगळे गुहेपाशी गेले आणि गव्याने दारावरचा धोंडा शिंगांनी लोटला. आतून ससे, भेकरं आणि एक म्हातारं कासव डोळे किलकिले करत बाहेर आली. पहारेकरी मुंगूस त्यांना फटीतून रोज दाणे टाकत असे, पण दार उघडायचा हुकूम त्याला कुणी दिलाच नव्हता.

सगळ्यात पुढे असलेल्या सशाने दोन पावसाळ्यांपूर्वी शेजाऱ्याची एक काकडी खाल्ली होती. तो इतका वाळला होता की त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या.

सशाने गव्याला वाकून नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "सरपंच, माझे तीन दिवस भरले का?"

गव्याने मान खाली घातली. एकाही पंचाला वर बघवेना.