चिंगी खारीची दुसरी ढोली

झाडांनाही बोलता यायचं, त्या काळची गोष्ट. चिंगी खार भुरक्या खारीच्या झुपकेदार शेपटीवर भाळली आणि लग्न ठरलं. भुरक्याची शेपटी तेवढी डौलदार, बाकी रानभर उधारी! रानाची रीत अशी, की ढोली एक झाली की देणंही दोघांचं.

"तुझ्या शेंगा माझ्या ढोलीत आण," भुरक्या म्हणाला.

"मी येईन. शेंगा माझ्या जुन्या ढोलीतच राहतील."

"माझ्यावर विश्वास नाही?" भुरक्या फुरंगटला.

चिंगीनं नाक मुरडलं.

लग्नाच्या दुसऱ्याच सकाळी पोपट, साळुंक्या, कावळे उधारी वसूल करायला दारात हजर! त्यांनी भुरक्याची ढोली धुऊन नेली.

"आता खायचं काय?" भुरक्या रडकुंडीला आला.

"माझ्या शेंगा," चिंगी फणकारली. "तुझ्यावर विश्वास ठेवला असता, तर आज दोघं विश्वासच चघळत बसलो असतो!"