विजेवाचून दळणारी चक्की

जयसिंगपुरात पिठाची गिरणी चालवणाऱ्या शेवंताबाई गुरवांनी साठीला कंपन्यांचे ताळेबंद वाचायची शिकवणी लावली. गल्ली हसली. पण बाईंनी आपली बचत एका मसाला कंपनीच्या शेअरमध्ये घातली होती. ती डोळे झाकून कशी सोडतील?

कंपनीच्या वार्षिक सभेत अध्यक्ष धैर्यशीलराव गरजले, "त्याच यंत्रांवर यंदा आपण दुप्पट मसाला दळला, दुप्पट विकला! आता नव्या कारखान्यासाठी आणखी पैसे घाला."

टाळ्या कडाडल्या. शेवंताबाई अहवाल घेऊन उभ्या राहिल्या.

अध्यक्ष हसले. "मावशी, त्यातलं तुम्हाला काय कळणार? बाहेर लाडू ठेवलेत, ते घ्या."

"लाडू घेतेच. पण साहेब, माझ्याकडं दळण दुप्पट झालं की विजेचं बिलही वाढतं. तुमच्या अहवालात दळण दुप्पट आणि विजेचा खर्च निम्मा! अशी चक्की गावली असेल तर मसाला कशाला विकताय? चक्क्याच विका की. पहिली मी घेते!"

सभा खदखदून हसली. मग जो तो अहवालाची पानं उलटू लागला. पैशाच्या ठरावाला एकही हात वर झाला नाही.

बाहेर लाडू वाटणाऱ्यानं अदबीनं विचारलं, "मावशी, शिक्षण किती तुमचं?"

शेवंताबाईंनी पदर सावरला. "शिकवणी दोन महिने, गिरणी तीस वर्षं."