घोट्यावरची सूज

“म्हणजे रविवारची फायनल मी खेळायची नाही, असंच ना सर?”

अत्तार सर बाकावर बसून शिरीषचा घोटा बघत होते. घोटा टम्म सुजलेला, आणि या शहाण्यानं त्यावर दोन-दोन मोजे चढवून बुटाची लेस करकचून आवळलेली. बास्केटबॉलवाल्यांची ही जुनी खोड. उडी मारून दुसऱ्याच्या पायावर उतरायचं, पाय मुरगाळून घ्यायचा, आणि बूट घट्ट बांधला की झालं बरं, असं धरून चालायचं.

शिरीष दिवसभर बँकेत आणि संध्याकाळी कऱ्हाडच्या या सिमेंटच्या कोर्टवर. चाळिशी आली तरी कॅप्टन तोच. शाळेपासून सरांच्या हाताखालचा. आता सरांचेच दोन्ही गुडघे गेले होते, तरी काठी टेकत रोज यायचे.

समोर सराव रंगला होता. शिरीषच्या जागी हर्षद नावाचा नवा पोरगा खेळत होता. आणि मेला चांगला खेळत होता.

सरांनी बर्फ लावायला सांगितलं, पाय उंच ठेवायला सांगितलं, सूज जाईपर्यंत उडी नाही म्हणून बजावलं. शिरीषनं सगळ्याला मान डोलावली आणि पुन्हा बूट चढवायला लागला.

“अरे...”

“सर, या वयात एकदा बसलो की मला परत कोण उठवणार?”

तो लेस ओढत राहिला. पोरगं लाडकं होतं सरांचं.

...

सर उठले, चालू खेळात थेट कोर्टच्या मधोमध गेले, काठी टाकली आणि ‘या अल्ला’ करत खाली बसले.

खेळ थांबला.

“शिरीष, उठव मला.”

शिरीष लंगडत धावला. सरांच्या काखेत हात घालून त्यानं जोर लावला, पण घोट्यानं दगा दिला. धप्पदिशी तोही शेजारीच बसला.

सरांनी त्याचा सुजलेला पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. शिरीष कानकोंडा झाला. गुरूच्या मांडीवर पाय! त्यानं ओढून घ्यायला बघितलं, सरांनी सोडला नाही.

सरांचा एक रिवाज होता. कुणी पडला की तो उठेपर्यंत बाकीच्यांनी आहे तिथे खाली बसायचं. पुढे स्पर्धांच्या धांदलीत तो रिवाज मागे पडला. पण जुन्या खेळाडूंना आठवला. कुणी न सांगता एकेक जण बसत गेला.

हर्षद तेवढा बॉल काखेत घेऊन उभा. कुणीतरी त्याला काय ते सांगितलं, तरी त्याचा जीव खेळात अडकलेला.

“पण सर, रविवारी फायनल आहे...”

सर घोट्यावरून हलकेच हात फिरवत होते. मान वर न करता म्हणाले,

“बस बाळा. शिरीष उठू दे आधी.”